प्लॅटफॉर्म टेनिसचं कोर्ट समजून घेताना या चुका टाळा

पहिली चूक म्हणजे प्लॅटफॉर्म टेनिसला, म्हणजे तारेच्या जाळीने वेढलेल्या उंच मंचावर खेळायच्या या खेळाला, पॅडेलचा भाऊ समजणं. मुंबई-पुण्यात आता दिसू लागलेलं, काचेच्या भिंतींचं पॅडेल १९६९ मध्ये मेक्सिकोत जन्मलं. प्लॅटफॉर्म टेनिस त्याहून चाळीसेक वर्षांनी जुनं, १९२८ चं. न्यूयॉर्कजवळच्या स्कार्सडेलमध्ये जेम्स कॉग्सवेल आणि फेसेन्डेन ब्लँचर्ड या शेजाऱ्यांना हिवाळ्यातही बाहेर खेळायचं होतं. जागा मिळाली ती उताराची, खडकाळ. ती सपाट करण्याऐवजी त्यांनी खांबांवर लाकडी मंच उभारला. त्यामुळे 'टेनिसचं कोर्ट लहान केलं' असं म्हणणं बरोबर नाही. आधी मंच आला, खेळ त्यावर घडत गेला.

मापांतही गोंधळ होतो. ६० बाय ३० फूट हे आजच्या पूर्ण मंचाचं माप. रेषांच्या आतलं कोर्ट ४४ बाय २० फूट, म्हणजे बॅडमिंटनच्या दुहेरीइतकंच. दोन्ही मापं एकच धरून आराखडा काढला, तर मागे सरकायला जागाच उरत नाही. आणि या खेळात मागची जागा फार मोलाची आहे, कारण तिथेच मंचाभोवतीची तारेची जाळी आहे.

या जाळीला नुसतं कुंपण समजण्याची चूक मला सर्वांत महत्त्वाची वाटते. सुरुवातीला कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशी ती तारेची जाळी होती, आणि लावली होती चेंडू उतारावरून घरंगळत जाऊ नये म्हणून. कोर्टात टप्पा पडून जाळीवर आदळलेला चेंडू परतवायची मुभा नंतर आली. त्या एका नियमाने खेळ पालटला आणि जाळीचं कामही. आता नुसतं कुंपण पुरेना. जाळी ढिली असली की चेंडू तिथेच मरतो. खांबाला टेकलेली असली की भलतीकडे उडतो. म्हणून ती बारा फूट उंच, खांबांपासून सुटी आणि सगळीकडे सारखी ताणलेली हवी. उसळी बिघडली तर चेंडू बदलण्याआधी ताण तपासा.

लाकडाला दोष देण्याची घाईही नको. फळ्यांमधल्या फटी पाणी निचरण्यासाठी असतात; त्या बुजवल्या तर लाकूड लवकर कुजतं. रंगात वाळू मिसळतात ती पाय घसरू नये म्हणून. बर्फ ढकलून बाहेर काढण्यासाठी जाळीच्या तळाशी उचलता येणाऱ्या फळ्या असतात. ॲल्युमिनियमचे मंच आणि खालून ऊब देणारे हीटर बऱ्याच उशिराचे, साधारण १९७० च्या दशकातले. १९३० च्या दशकातल्या कोर्टाच्या वर्णनात ते आले, तर ते वर्णन विश्वासार्ह मानू नका.