मेकॅनिक्सच्या पेपरआधी कपल आणि इक्विव्हॅलंट फोर्स, काय काय पक्कं करायचं

पेपर चार दिवसांवर आलाय आणि कपलचा चॅप्टर अजून उघडला नसेल तर आधी एखाद्या टायरवाल्याकडे दहा मिनिटं उभे राहा, खरंच सांगतोय. अधिकच्या चिन्हासारखा चार हातांचा पाना असतो ना, तो नटवर बसवून एक हात खाली दाबतो आणि दुसरा वर ओढतो. दोन्ही हातांचा जोर 200 न्यूटन धरा, हातांमधलं अंतर 40 सेंटिमीटर, झाला 80 न्यूटन-मीटरचा कपल, म्हणजे उलट दिशेच्या दोन सारख्या जोरांची जोडी, आणि नट नुसता फिरतो, बाजूला ढकलला जात नाही. आता तोच नट 40 सेंटिमीटरच्या एल पान्याने एका हाताने फिरवा, मोमेंट, म्हणजे फिरवण्याचा परिणाम, फोर्स गुणिले अंतर, तेवढाच 80, पण 200 न्यूटनचा फोर्ससुद्धा नटवर येतो, म्हणून तर पाना तिरका होऊन निसटतो. अख्खा चॅप्टर या एका फरकात आहे. फोर्स ज्या रेषेत लागतो त्या रेषेवरून, म्हणजे त्याच्या लाइन ऑफ अ‍ॅक्शनवरून उचलून दुसऱ्या पॉइंटला नेला की सोबत एक कपल येणारच, तो लिहिल्याशिवाय फोर्स हलवायचाच नाही.

व्याख्या एकदा हाताने लिहून काढा, दोन सारखे, समांतर, उलट दिशेचे फोर्स, एका रेषेत नसलेले. मोमेंट काढताना दोघांमधलं लंब अंतरच घ्यायचं, तिरकं दिलेलं अंतर तसंच उचलून गुणायचं नाही. फ्रान्सच्या पॉइन्सोने 1803 मध्ये कपलला स्वतंत्र राशी म्हणून मांडलं, आणि त्याचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे कुठल्याही पॉइंटभोवती मोमेंट तेवढाच येतो. हा गुण नुसता वाचू नका, कागदावर दोन वेगवेगळे पॉइंट घेऊन करून बघा, नाहीतर पेपरात हमखास घोळ होतो.

घोळ कुठे होतो ते दाखवतो. 4 मीटरचा बीम, डावं टोक ए, तिथून 1 मीटरवर 10 किलोन्यूटन खाली, 3 मीटरवर 20 खाली, उजव्या टोकाला बीला 5 वर, आणि मधोमध 15 किलोन्यूटन-मीटरचा क्लॉकवाइज कपल. रिझल्टंट, म्हणजे सगळ्या फोर्सची बेरीज, 25 खाली, इथपर्यंत सगळ्यांचं येतं. मग एभोवती मोमेंट घेताना काहीजण कपलला 2 मीटरने गुणतात, काहीजण विसरूनच जातात. दोन्ही चूक! कपल जसाच्या तसा मिळवायचा, 10 अधिक 60 वजा 20 अधिक 15, म्हणजे 65 क्लॉकवाइज, भागिले 25, एपासून 2.6 मीटर. विसरलात तर 2 मीटर येतं, दिसायला इतकं स्वच्छ उत्तर की शंकासुद्धा येत नाही. म्हणून ताळा बीभोवती घ्यायचाच, 30 अधिक 20 वजा 15, 35 अँटीक्लॉकवाइज, आणि 25 गुणिले 1.4 पण 35च. एक मिनिट लागतं, मार्क वाचतात.

साइन कन्व्हेन्शन, म्हणजे कुठली दिशा अधिक आणि कुठली वजा, पहिल्या ओळीत लिहा आणि मध्येच बदलू नका. मिलिमीटर आणि मीटर एकाच गणितात मिसळू नका, कॅल्क्युलेटर डिग्री मोडवर आहे ना बघा. थ्रीडीमध्ये आधी आर (पॉइंटपासून फोर्सपर्यंतचा व्हेक्टर) मग एफ (फोर्स), क्रॉस प्रॉडक्टचा क्रम उलटला की सगळी चिन्हं उलटतात.

रिझल्टंट शून्य आला तर लगेच इक्विलिब्रियम (समतोल) लिहून मोकळं होऊ नका, मोमेंट काढा, तो उरला असेल तर सिस्टिमचा रिझल्टंट म्हणजे तो कपलच. आणि व्हायव्हासाठी अजून एक गोष्ट, जी मला फार महत्त्वाची वाटते आणि वर्गात घाईत राहून जाते. इक्विव्हॅलंट म्हणजे रिजिड बॉडीवरचा बाहेरचा परिणाम सारखा, एवढंच. वरच्याच बीमला दोन्ही टोकांना सपोर्ट दिले आणि तो 15चा कपल मधून उचलून टोकाला नेला तर रिअ‍ॅक्शन तेच राहतात, पण बीमच्या आत बेंडिंग मोमेंट, म्हणजे बीमला वाकवणारा मोमेंट, बदलतो. म्हणजे पुढे स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समध्ये असा कपल सरकवून चालत नाही, तिथे तो जिथे दिलाय तिथेच ठेवून डायग्राम काढायचा.

उत्तर लिहिताना नुसतं 25 लिहून थांबू नका, 25 किलोन्यूटन, खाली, एच्या उजवीकडे 2.6 मीटरवर, आणि शेजारी छोटी आकृती काढून त्यात बाण दाखवा.