नव्या इस्टेट एजंटांसाठी: कुणी विचारण्याआधी सांगायच्या गोष्टी

मुंबईत नव्या प्रकल्पांतली घरं विकणारा इस्टेट एजंट व्हायचं तर आता महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची, परीक्षा चुकत नाही. जानेवारी २०२३ च्या आदेशापासून आधी प्रशिक्षण, मग परीक्षा, मग नोंदणी असा क्रम आहे. अभ्यास फार जड नाही. ज्या कायद्याखाली हे प्राधिकरण चालतं, त्या रेरा कायद्याची कलमं ९ आणि १० मात्र नीट समजून घ्या. नोंदणी नसलेल्या प्रकल्पातलं घर विकायला हात लावायचा नाही, आणि बुकिंगच्या वेळी ग्राहकाच्या हक्काची सगळी माहिती व कागदपत्रं त्याला मिळवून द्यायची, हे एजंटचंही काम आहे. ते मोडलं तर दिवसाला १०,००० रुपये दंड, आणि तो घराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत चढू शकतो.

नव्या प्रकल्पाचं बरंचसं महारेराच्या संकेतस्थळावर दिसतं. कस लागतो तो रीसेलमध्ये. मी बोरिवली-दहिसर पट्ट्यात काम करतो. इथल्या जुन्या सोसायट्यांमधले कितीतरी फ्लॅट एप्रिल-मेमध्ये ताजा रंग मारून दाखवले जातात. ओल जुलैत वर येते. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा आहे. त्याचं कलम ५५ म्हणतं की साधी काळजी घेऊनही खरेदीदाराला कळणार नाही असा मोठा दोष विक्रेत्याने सांगितलाच पाहिजे. कलमात नाव विक्रेत्याचं असलं तरी ठाऊक असून गप्प बसणारा एजंट माझ्या लेखी तितकाच जबाबदार आहे.

म्हणून फ्लॅट हातात घेण्याआधी मी मालकांना बसवून विचारतो: गळती कुठे आहे, ओसी (इमारत राहण्यायोग्य असल्याचा पालिकेचा दाखला) आहे का, बँकेचं कर्ज किती उरलंय, सोसायटीची थकबाकी किती. सर्वांत जास्त वेळ जातो तो वारसांच्या प्रश्नावर. वडील गेले, नॉमिनी म्हणून थोरल्या मुलाचं नाव सोसायटीत लागलं, आणि तो मनापासून समजतो की घर आपलंच झालं. तसं नसतं. नॉमिनेशनने मालकी येत नाही. बहिणींचं हक्कसोड पत्र, म्हणजे आपला वाटा सोडल्याचा दस्त, झालंय का, हे विचारताना घरात शांतता पसरते. तरीही विचारा. टोकन, म्हणजे सौदा पक्का करायची आगाऊ रक्कम, दिल्यावर नाशिकहून बहिणीचा फोन आला, तर खरेदीदाराचं मंजूर झालेलं होमलोनही लटकतं.

विक्रेते म्हणतात, "अहो, हे सगळं सांगितलं तर भाव पडेल." थोडा पडतो, खरं आहे. पण गळती आधी कळलेला माणूस भाव करतो आणि घर घेतो. टोकननंतर कळलेला माणूस भांडतो आणि निघून जातो.

विक्रेत्यालाही आपण काही सांगायचं असतं, हे नवी मुलं विसरतात. समजा, सोसायटीत रीडेव्हलपमेंटची बोलणी सुरू असल्याचं तुमच्या कानावर आलंय आणि एकटी राहणारी आजी जुन्या भावाने फ्लॅट काढतेय. त्यांना आधी सांगा, मग गिऱ्हाईक आणा. ते दडवून स्वतःच, किंवा मेव्हण्याच्या नावावर, तो फ्लॅट घेणं तर अगदीच वाईट. करार कायदा १८७२ च्या कलम २१५ नुसार एजंटने महत्त्वाची गोष्ट अप्रामाणिकपणे लपवून स्वतःसाठी व्यवहार केला, तर मालक तो नाकारू शकतो.

दोन्हीकडून ब्रोकरेज घेणार असाल तर तेही दोघांना पहिल्याच भेटीत सांगा.

आणि सगळं लेखी ठेवा. फ्लॅट दाखवून झाल्यावर मी खरेदीदाराला त्याच दिवशी व्हॉट्सॲप करतो: "काका, बेडरूमच्या पश्चिमेच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते. बँकेचं कर्ज बाकी आहे, फेडल्याचं पत्र यायचंय. दोन्ही बघून मगच टोकनचं ठरवा."