कुलपाआधी चेन बघा

ऑगस्ट जवळ आला की अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या आमच्या घरी इकडे शिकायला निघालेल्या मुलांचे पुण्याहून फोन सुरू होतात. भाच्याचा मित्र, मित्राची भाची, प्रश्न एकच: "काका, बॅगा कुठल्या घेऊ? सेफ पाहिजेत." दुकानदाराने तोवर कुलूप दाखवून झालेलं असतं.

कुलूप राहू द्या. दुकानात एक बॉलपेन मागा आणि बंद बॅगेच्या चेनमध्ये, दात जुळतात तिथे, टोक दाबा. साधी चेन फाकते, हात आत जातो. मग कुलपात अडकवलेले दोन्ही रनर, म्हणजे चेन ओढायच्या सरकत्या कड्या, त्याच चेनवरून एकदा फिरवले की दात पुन्हा जुळतात आणि कुलूप जसंच्या तसं! म्हणून लोंबतं कुलूप मला पटत नाही. बॅगेच्या अंगातच बसवलेलं घ्या, ज्याच्या खाचेत रनरची टोकं अडकतात. रनर हलले नाहीत तर फाकवलेली चेन फाकलेलीच राहते आणि विमानतळावरच्या पट्ट्यावरून उचलतानाच तुम्हाला कळतं. दुपदरी चेन मिळाली तर उत्तम. बिनचेनच्या, खटक्याच्या बॅगा आणखी भक्कम, पण जड. एका बॅगेला मिळणाऱ्या २३ किलोंतले पाच किलो बॅगच खाणार असेल तर आईच्या डब्यांचं काय?

"काका, किल्लीचं भोक आहे, पण किल्लीच दिली नाही." बरोबर आहे. 'टीएसए ००७' लिहिलेल्या कुलपाची किल्ली तुमच्यासाठी नसतेच, ती टीएसएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या विमानतळांवर बॅगा तपासणाऱ्या सरकारी खात्याच्या, तपासनिसांकडे असते. दुसरं कुलूप असलं तर ते तोडू शकतात, भरपाई मिळत नाही, आत बॅग तपासल्याची छापील चिठ्ठी तेवढी सापडते. मुंबई-न्यूअर्क थेट विमानाने येताना याचा फारसा संबंध येत नाही. पण शिकागोला उतरून पुढे इंडियानाला जायचं असेल, तर तिथे बॅगा स्वतः उचलून, कस्टममधून काढून पुन्हा द्याव्या लागतात आणि त्या वेळी उघडल्या जाऊ शकतात. मुंबईत पैसे देऊन गुंडाळलेलं प्लास्टिक मग तिथेच फाटतं. आणि या किल्ल्यांचा फोटो २०१४ मध्ये एका वर्तमानपत्रात आला, पुढच्या वर्षी लोकांनी थ्रीडी प्रिंटरवर तशाच किल्ल्या काढल्या.

माझ्या पहिल्या खेपेला कुलूप शाबूत राहिलं, चेन उसवली. चोराचा दोष नाही, मीच गुडघा टेकवून बंद केली होती. सगळ्या शर्टांना महिनाभर गोड्या मसाल्याचा वास. चार बोटं जागा मोकळी सोडा.

पासपोर्ट, आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी कॉलेज देतं तो कागद), मूळ मार्कशीट, सोनं, औषधं पाठीवरच्या सॅकमध्येच. पॉवर बँकही, ती विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत चालतच नाही. बॅग हरवली तर विमानप्रवासाच्या आंतरराष्ट्रीय मॉन्ट्रियल करारानुसार भरपाईची मर्यादा माणशी १५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक), म्हणजे साधारण दोन हजार डॉलर. मोडतोड दिसली तर विमानतळ सोडण्याआधीच तक्रार लिहून द्या, कायद्याने मुदत सात दिवसांचीच आहे.

बाबांना बॅगेवर ऑइलपेंटने घरचा पत्ता रंगवू देऊ नका. इथला पत्ता आणि फोन कागदावर लिहून आत, सगळ्यात वर ठेवा.

कुलपाचा तीन आकडी कोड मात्र निघण्याआधी लावून चार वेळा उघडून बघा. गेल्या वर्षी एकजण तो विसरून आला. आम्ही दोघं दिवाणखान्यात बसून ००० पासून सुरुवात केली. ४१७ ला उघडली. चहा अजून गरम होता.