जंगलात दीर्घकाळ एकटे राहायचे असेल तर

मेळघाटातील संरक्षण कुटीवर पहिल्यांदाच नेमणूक झालेला वनरक्षक, वन्यजीवांच्या अभ्यासासाठी रानात मुक्काम ठोकणारा संशोधन साहाय्यक, उन्हाळाभर वणव्यावर नजर ठेवणारा हंगामी मजूर, आणि रोही व रानडुकरांपासून पीक वाचवण्यासाठी जंगलाला लागून असलेल्या वावरात रात्रीमागून रात्री जागल करणारा शेतकरी, या सर्वांना वाघ, अस्वल, साप आणि हिवताप यांबद्दल सांगणारे पुष्कळ भेटतात. एकटेपणात स्वतःच्या मनाचे आणि इंद्रियांचे काय होते, हे मात्र त्यांना सहसा कोणी सांगत नाही. स्वेच्छेने एकांतात जाऊ इच्छिणाऱ्यांनाही हेच लागू आहे. हे मार्गदर्शन त्यासाठीच लिहिले आहे. एकांतात होणारे बदल टाळता येत नाहीत, पण ते साधारण कोणत्या क्रमाने येतात हे आधी ठाऊक असले, तर त्यांची भीती वाटत नाही. माझ्या मते एकांताची तयारी ही मुख्यतः परत येण्याची तयारी असते, आणि ती निघण्यापूर्वीच करावी लागते.

निघण्यापूर्वी

अभयारण्यात किंवा व्याघ्र प्रकल्पात परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार तो गुन्हा आहे. ज्यांची तेथे नोकरी किंवा अभ्यासाचे काम नाही, त्यांनी जंगलालगतचे स्वतःचे किंवा नातेवाइकांचे शेत निवडावे, आणि त्याआधी बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनविभाग पाणवठ्यांवरील मचाणांवर जो निसर्गानुभवाचा कार्यक्रम ठेवतो, त्यात एक रात्र बसून पाहावे. मचाणावर न बोलता काढलेली एक रात्र माणसाला स्वतःबद्दल बरेच काही सांगते. त्यानंतर तीन रात्री, मग एक आठवडा, अशा पायऱ्यांनीच पुढे जावे.

काहींनी जाऊच नये. ज्यांच्या घरात नुकताच मृत्यू झाला आहे, ज्यांनी अलीकडेच दारू सोडली आहे, ज्यांचे नैराश्यावर उपचार चालू आहेत, त्यांना ‘रानात जा, मन शांत होईल’ असा सल्ला देणारे पुष्कळ असतात. तो सल्ला चुकीचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. दुःख हलके करायला माणसे लागतात, आणि रानात ती नसतात.

दोन माणसांना आपला ठावठिकाणा ठाऊक असला पाहिजे: एक घरचा, आणि एक जवळच्या गावातील, जसे पोलीस पाटील किंवा किराणा दुकानदार. त्यांच्याशी आठवडी बाजाराच्या दिवसाचा करार करावा. ‘बाजाराच्या दिवशी दुपारपर्यंत मी दिसलो नाही किंवा निरोप आला नाही, तर दुसऱ्या दिवशी सकाळी माणूस पाठवा’ इतका साधा आणि इतका नेमका तो असावा. ‘अधूनमधून फोन करीन’ हा करार नव्हे, कारण एकांतात ‘अधूनमधून’ म्हणजे किती हे माणूस पहिल्या काही दिवसांतच विसरतो.

शरीराच्या काळजीबद्दल थोडक्यात सांगतो. जमिनीवर झोपू नये. मण्यार रात्री अंथरुणात शिरते आणि तिचा दंश अनेकदा जाणवतही नाही, म्हणून खाट आणि गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी हवीच. ती हिवतापापासूनही वाचवते. मोहफुले वेचण्याच्या दिवसांत पहाटे मोहाखाली एकट्याने जाऊ नये, कारण अस्वलही तेथेच येते. रुग्णवाहिकेचा १०८ आणि वनविभागाचा १९२६ हे क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावेत, आणि ते कोणत्या टेकडीवरून लागतात तेही त्याखाली लिहावे.

काळाचा हिशेब

सर्वांत आधी बिघडतो तो दिवसांचा हिशेब. फ्रान्सचे भूशास्त्रज्ञ मिशेल सिफ्र १९६२ मध्ये घड्याळाशिवाय सुमारे दोन महिने एका भूमिगत हिमगुहेत राहिले. त्यांना बाहेर काढले तो दिवस १४ सप्टेंबर होता, आणि त्यांच्या हिशेबाने तो २० ऑगस्ट होता. स्पेनच्या बेआत्रिस फ्लामिनी २०२३ मध्ये ५०० दिवसांनी गुहेबाहेर आल्या, तेव्हा त्यांना त्याहून पुष्कळच कमी दिवस झाल्यासारखे वाटत होते. रानात सूर्य दिसतो, त्यामुळे इतका फरक पडत नाही. उलट झोप सुधारते. अमेरिकेतील कोलोरॅडोमध्ये झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आठवडाभर विजेच्या दिव्यांशिवाय उघड्यावर राहिलेल्यांचे शरीरातील घड्याळ जवळजवळ दोन तास अलीकडे सरकले. दिवेलागणीला डोळे जड होऊ लागले, तर तो आजार किंवा आळस समजू नये.

दिवस टिकतो, पण वार आणि तारीख हरवते. त्यावर मेळघाटात पाहिलेली एक रीत मला सर्वांत चांगली वाटते. कुटीवर काम करणारा एक कोरकू वनमजूर रोज सकाळी चूल पेटवण्यापूर्वी कालच्या कोळशाने भिंतीवर एक उभी रेघ ओढत असे, आणि बाजाराच्या दिवशी त्या आठवड्याच्या सर्व रेघांवर एक आडवी. रेघ चुलीच्या आधी, हा त्याचा नियम होता, कारण चूल पेटली की दिवसाची कामे मागे लागतात आणि रेघ राहून जाते. मोबाइलमध्ये तारीख असतेच, पण बॅटरी संपली की ती जाते. शिवाय स्वतःच्या हाताने ओढलेल्या रेघेमुळे दिवस खरोखर सरल्यासारखा वाटतो. जोडीला झाडांचे पंचांग शिकून घ्यावे: पळस फुलला म्हणजे फाल्गुन जवळ आला, मोह टपकू लागला म्हणजे चैत्राच्या आसपास, तेंदूपत्त्याची तोडणी म्हणजे ऐन उन्हाळा, आणि पावश्या ओरडू लागला की मृगाची वाट पाहायची.

कान आणि भास

त्यानंतर बदलतात ते कान. सुरुवातीच्या रात्री प्रत्येक आवाज वाघाचा वाटतो. माघ-फाल्गुनात सागाची पानगळ चालू असताना तर झोप लागणेच कठीण होते. सागाचे वाळलेले पान सुपाएवढे असते. ते फांदीवरून सुटते, खालच्या फांदीला थडकते, क्षणभर थांबते आणि मग खाली साचलेल्या पाचोळ्यावर पडते. थडक, थांबा, चर्र, असा तो आवाज ऐकून कोणीतरी सावधपणे एकेक पाऊल टाकत कुटीकडे येत आहे, अशी नवख्याची खात्रीच पटते.

यावर धीर धरण्याचा उपदेश उपयोगाचा नाही. आवाजांची वही उपयोगाची आहे. रात्री जो आवाज ओळखता आला नाही, तो जसा ऐकू आला तसा लिहावा, वेळ आणि दिशा टाकावी, आणि सकाळी त्या दिशेला जाऊन माग पाहावा किंवा जाणत्या माणसाला विचारावे. रातव्याची ठोक्यासारखी हाक, पिंगळ्याची किचकिच, टिटवीचा कल्ला, वानरांचा खाकरा, सांबराचा खणखणीत इशारा हे एकदा वेगवेगळे ओळखू येऊ लागले, की भीती आपोआप ओसरते आणि तिच्या जागी एक तल्लख जाग येते. एकांताने मिळणाऱ्या गोष्टींमध्ये ही मला सर्वांत मोलाची वाटते. गावात आपण आवाज गाळून टाकण्याची सवय लावून घेतलेली असते. येथे ती हळूहळू सुटते.

पण हेच जागे कान आणि जागे मन कधीकधी जे नाही तेही दाखवतात. पाठीमागे कोणी उभे आहे, कोणी नावाने हाक मारली, असे वाटणे दीर्घ एकांतात, विशेषतः थकवा, उपास आणि अपुरी झोप असताना, अनेकांच्या अनुभवाला येते. १९१६ मध्ये दोन सोबत्यांसह साउथ जॉर्जिया बेटाचे बर्फाळ डोंगर ओलांडताना अर्नेस्ट शॅकल्टन यांना आपल्यासोबत चौथा कोणी चालत असल्याचे सतत जाणवत होते, आणि तसे त्यांनी पुढे लिहूनही ठेवले. आपल्याकडे अशा अनुभवाला बाहेरची बाधा म्हणतात आणि मांत्रिकाकडे धाव घेतली जाते. त्याऐवजी कंदील लावावा, पाणी प्यावे, काहीतरी खावे, समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावे मोठ्याने घ्यावीत, घडले ते वहीत लिहावे आणि झोपावे. पुरेशी झोप आणि जेवण झाल्यावरही भर दिवसा आवाज येत राहिले, किंवा तो आवाज काही करण्याची आज्ञा देऊ लागला, तर त्याच दिवशी मुक्काम हलवावा आणि एकट्याने न चालता कोणाला तरी बोलावून घ्यावे.

चकव्याचेही असेच. त्याच त्या झाडापाशी पुन्हा येण्याचा अनुभव खोटा नसतो. जर्मनीतील जंगलात आणि ट्युनिशियाच्या वाळवंटात केलेले चालण्याचे प्रयोग २००९ मध्ये प्रसिद्ध झाले; त्यांत सूर्य किंवा चंद्र दिसत नसताना माणसे सरळ चालत असल्याच्या समजुतीत गोल फिरत राहिली. म्हणून वाट चुकल्यासारखे वाटताच थांबावे, बसावे आणि सूर्य दिसेपर्यंत किंवा ओळखीची जाळरेषा (वणवा पसरू नये म्हणून जाळून मोकळा ठेवलेला पट्टा) सापडेपर्यंत पुढचे पाऊल टाकू नये.

बोलणे, राग आणि ओळख

जीभ कानांइतक्या लवकर बदलत नाही, पण बदलते. वाक्ये आखूड होतात, आवाज खाली येतो, आणि एखादा नेहमीचा शब्द पटकन सापडत नाही. ज्या कुटीवर बिनतारी यंत्र असते तेथे संध्याकाळची हजेरी हा मोठा आधार असतो. ‘सर्व ठीक’ एवढे बोलून ती संपवू नये, दिवसभरात पाहिलेली एक तरी गोष्ट पूर्ण वाक्यात सांगावी. यंत्र नसेल तर रोज थोडा वेळ मोठ्याने वाचावे. सोबतचा मजूर वेगळी भाषा बोलणारा असेल तर त्याच्या चुलीपाशी बसून ती शिकावी. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा मराठीपेक्षा पूर्णपणे वेगळी आहे, पण पाणी, लाकूड, वाट, भाकर यांचे शब्द विचारत गेले तरी संध्याकाळ चांगली जाते आणि दोघांचाही एकटेपणा कमी होतो.

पुढे एक टप्पा असा येतो, की जुनी भांडणे मनात वर येतात. धुऱ्यावरून भावाशी झालेला वाद, लग्नातला मानापमान, वरिष्ठांचे एखादे लागट वाक्य, हे सर्व रोज थोडे अधिक मोठे होत जाते, कारण ते खोडून काढणारे कोणी जवळ नसते. येथे एक नियम कसोशीने पाळावा: रेंज मिळणाऱ्या टेकडीवर रागाने चढू नये. जमीन, नाते, नोकरी यांबद्दलचा कोणताही निर्णय कुटीतून कळवू नये. तो वहीत लिहावा, आणि गावात परतून घरच्यांसोबत चार वेळा जेवल्यानंतरही तो तसाच वाटला, तरच त्यावर विचार करावा.

सर्वांत खोल बदल स्वतःच्या ओळखीत होतो. अमेरिकेच्या मेन राज्यात एक माणूस १९८६ पासून २०१३ पर्यंत रानात एकटा राहिला, आणि पोटासाठी आसपासच्या घरांत चोऱ्या करत राहिला. पकडल्यावर त्याने सांगितले त्याचा आशय असा, की पाहणारे कोणी नसल्यामुळे आपण कोण हा प्रश्नच त्याच्यासाठी उरला नव्हता. काही आठवड्यांच्या मुक्कामातही याची पुसट छाया जाणवते: दाढी राहते, अंघोळ लांबते, भांड्यातूनच जेवले जाते. सुरुवातीला हे मोकळेपण वाटते, आणि काही प्रमाणात ते असतेही. तरीही ताटात वाढून घेऊन जेवणे आणि रोज अंघोळ करणे सोडू नये, कारण परतल्यावर याच सवयी हात देतात.

विदर्भाच्या परंपरेत एकांताला मान आहे. चक्रधरस्वामींच्या एकाकी भ्रमणाच्या काळाला महानुभाव ‘एकांक’ म्हणतात, आणि चिमूर तालुक्यातील गोंदेडा येथे तुकडोजी महाराजांची तपोभूमी आहे. पण स्वामी पुढे शिष्यांमध्ये राहिले, आणि महाराजांनी १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज उभारून आयुष्य लोकांत काढले. एकांताचे गुणगान करताना ही पुढची बाजू सांगायची राहून जाते, म्हणून ती येथे मुद्दाम सांगितली.

परतणे

परतण्याचा पहिला आठवडा मुक्कामातील कोणत्याही आठवड्यापेक्षा जड जातो. एसटी स्थानकावरचे भोंगे अंगावर येतात, चार जण एकदम बोलू लागले की काहीच कळत नाही, घरात छत जवळ आल्यासारखे वाटते. ‘काहून इतकं हळू बोलता जी?’ असे घरी विचारले जाते, आणि आपण हळू बोलत आहोत हे तेव्हा प्रथम कळते. घरच्यांना वाटते, माणूस रुसला आहे किंवा काहीतरी लपवत आहे.

म्हणून जाण्यापूर्वीच त्यांना सांगून ठेवावे, की परतल्यावर काही दिवस मी कमी बोलेन, अंगणात झोपेन आणि गर्दी टाळेन. रानातून थेट लग्नाला किंवा जत्रेला जाऊ नये. शक्य असल्यास एक मुक्काम लहान गावात करावा. मुलांशी बोलण्यापेक्षा त्यांच्यासोबत काम करणे सोपे जाते, जसे विहिरीवर जाणे, बैलांना वैरण टाकणे, शेंगा सोलणे. आवाजांची वही घरातील एखाद्याला वाचायला द्यावी. तोंडाने न सांगता येणारे त्यातून पोचते, आणि आपल्याला काय झाले होते हे दुसऱ्या कोणाला तरी ठाऊक होते.

पंधरा दिवसांनंतरही झोप लागत नसेल, माणसांचा तिटकारा वाटत असेल, किंवा घरात असूनही कुटीतच असल्यासारखे वाटत असेल, तर टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे; ही शासनाची मोफत सेवा आहे आणि ती मराठीतही मिळते. पुन्हा जाण्याचा विचार असेल, तर जोडीदाराला किंवा आईला आधी विचारावे, की मागच्या खेपेनंतर माझ्यात काय बदलले होते आणि ते किती दिवसांनी ओसरले. त्यांनी सांगितलेले दिवस पुढच्या मुक्कामाच्या आखणीत रजेसारखे धरावेत, आणि तेवढी सवड मिळणार नसेल तर मुक्काम कमी करावा.