कडब्याची गंज रचताना

रब्बी ज्वारीची कणसे खुडून झाली की कडबा गोळा करायला घरातील सगळी माणसे लागतात, आणि शेजारचे कुटुंब सावडीने, म्हणजे एकमेकांच्या कामाला आळीपाळीने जाण्याच्या रीतीने, आले तर काम बरेच हलके होते. पेंढ्या शक्यतो पहाटेच बांधाव्यात, कारण दवाने मऊ झालेली पाने त्या वेळी झडत नाहीत, आणि जनावर ताटापेक्षा पानच आवडीने खाते. मात्र त्या लगेच गंजीत, म्हणजे पेंढ्यांच्या रचलेल्या ढिगात, न घालता उन्हात उभ्या करून पूर्ण वाळू द्याव्यात. ओल राहिलेली पेंढी आतून तापते व बुरशी धरते, आणि असा कडबा गाभण जनावराला तर घालूच नये. वाळल्याची खात्री पानांवरून होत नाही. बुडख्याकडचे पेर मोडून पाहावे. ते कटकन तुटले तर ठीक, वाकले तर आणखी थांबावे.

गंज उंचवट्यावर, खाली दगड व लाकडे अंथरून, विजेच्या तारांपासून दूर रचावी. रचणारा जाणता असावा, इतरांनी त्याला पेंढ्या पुरवाव्यात. बुडखे बाहेर, शेंडे आत आणि मधला भाग सतत किंचित उंच ठेवल्यास पावसाचे पाणी आत न मुरता बाहेर उतरते. घाईत नेमके हेच राहून जाते. मुलांनी पाणी द्यावे, सुटी ताटे वेचावीत, पण धसकटांमुळे, म्हणजे जमिनीत उरलेल्या टोकदार बुंध्यांमुळे, पायांत जोडे हवेतच. जमिनीवर पडून राहिलेल्या पेंढ्या मोठ्यांनीच, आधी काठीने हलवून, उचलाव्यात, कारण त्यांखाली साप-विंचू आसरा घेतात.