पहाटेची लघवी, एक पट्टी आणि किडनीची गाळणी: घरी प्रथिनं कशी तपासायची

किडनीचा रिपोर्ट हातात आला की नजर आधी क्रिएटिनिनवर (किडनी रक्तातून बाहेर टाकते त्या टाकाऊ पदार्थावर) जाते. पण क्रिएटिनिन वाढलेलं दिसेपर्यंत किडनीचं जवळजवळ निम्मं काम गेलेलं असू शकतं. मधुमेहात आणि गाळणीच्या इतर बऱ्याच आजारांत त्याच्या कितीतरी आधी लघवीतून प्रथिनं गळू लागतात, आणि ती पकडायला मोठं यंत्र लागत नाही. लघवी नीट गोळा करता आली पाहिजे आणि तिच्यात बुडवून रंग पाहायची तपासणी-पट्टी नीट वाचता आली पाहिजे.

आधी गळतं कुठून ते पाहू. प्रत्येक किडनीत सुमारे दहा लाख गाळण्या असतात. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात, त्यातला दीड-दोन लिटर लघवी म्हणून बाहेर पडतो. गाळणीला तीन थर असतात: आत रक्तवाहिनीच्या सच्छिद्र पेशी, मध्ये एक पातळ पडदा आणि बाहेरून पोडोसाइट. या पोडोसाइट पेशींना शेकडो बारीक पाय असतात. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवावीत तसे शेजारच्या दोन पेशींचे पाय एकमेकांत गुंतलेले असतात. मधल्या फटीत नेफ्रिन नावाच्या प्रथिनाची जाळी असते. १९९८ साली नेफ्रिनचा जनुक सापडला आणि जन्मतःच गळक्या किडनी घेऊन येणाऱ्या काही बाळांच्या आजाराचं कारण कळलं.

मुख्य अडचण ही की पोडोसाइट पेशी एकदा तयार झाल्या की जवळजवळ विभाजित होतच नाहीत. एक गळून पडली की शेजारची पसरून तिची जागा झाकते, आणि तेही एका मर्यादेपर्यंतच. उंदरांवरच्या प्रयोगांत साधारण २० टक्क्यांहून जास्त पेशी गेल्यावर गाळणीत व्रण पडू लागले आणि ४० टक्क्यांपलीकडे गाळणीच निकामी होत गेली. लहान मुलांमधल्या ‘मिनिमल चेंज’ आजारात पेशी मरत नाहीत, फक्त त्यांचे पाय सपाट होतात. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली सगळं ठीक दिसतं, बिघाड दिसतो तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात. म्हणूनच त्या मुलांना स्टिरॉइडने बहुधा पूर्ण आराम पडतो. मधुमेहात मात्र पेशी खरोखरच गळून जातात, त्यामुळे तिथे उशीर महाग पडतो.

लघवी कशी घ्यायची

झोपण्यापूर्वी मूत्राशय रिकामं करा आणि उठल्याबरोबरची पहिली लघवी घ्या. दिवसभर उभं राहिल्याने काही तरुणांच्या लघवीत प्रथिन उतरतं, पण तो आजार नसतो. सकाळच्या नमुन्यात हा घोळ टळतो. सुरुवातीची धार सोडून मधली स्वच्छ, कोरड्या डबीत धरा. ताप, लघवीचा संसर्ग, आदल्या दिवसाचा जोरदार व्यायाम किंवा मासिक पाळी असेल तर तपासणी पुढे ढकला. मूल आधीच नेफ्रोटिकचं (लघवीतून खूप प्रथिन जाऊन अंग सुजण्याच्या आजाराचं) असेल तर मात्र तापातही तपासाच, कारण सर्दी-तापानंतर आजार बऱ्याचदा उलटतो.

पट्टी लघवीत क्षणभर बुडवा, डबीच्या काठाला टेकवून जास्तीचा थेंब काढा आणि आडवी धरा. उभी धरली की एका चौकोनाचा रंग दुसऱ्यात उतरतो. पट्ट्यांच्या डबीवर लिहिलेल्या वेळेलाच, बहुतेक ६० सेकंदांनी, उजेडात त्याच डबीवरच्या रंगांशी रंग जुळवा. पाच मिनिटांनी पाहिलेल्या रंगाला काही अर्थ नाही. पिवळा म्हणजे प्रथिन नाही, हिरवा गडद होत गेला की प्रमाण वाढलं. साधारणपणे १+ म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅम, २+ म्हणजे १०० आणि ३+ म्हणजे ३००.

नागपूरच्या उन्हाळ्यात पट्ट्यांचा खरा शत्रू डेझर्ट कूलर. त्याच्या दमट हवेत डबी उघडी राहिली की पट्ट्या वापराआधीच रंग बदलतात. पट्टी काढा, झाकण लगेच घट्ट लावा, आतली ओलावा शोषणारी पुडी फेकू नका आणि डबी घरातल्या सगळ्यात थंड, कोरड्या कपाटात ठेवा. कोरी पट्टीच हिरवट दिसत असेल तर सगळी डबी बाद. पारा ४५ पलीकडे गेला की लघवीही घट्ट होते आणि निरोगी माणसाची पट्टीसुद्धा ‘ट्रेस’ (अगदी किंचित) किंवा १+ दाखवू शकते. उलट भरपूर पाणी प्यायलेल्याच्या पातळ लघवीत खरी गळती लपते.

या दोन्ही चुका टाळायला लॅबमध्ये लघवीचं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर करून घ्या (अल्ब्युमिन म्हणजे रक्तातलं मुख्य प्रथिन). ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या खाली ठीक, ३० ते ३०० धोक्याची सुरुवात, ३०० च्या वर गळती बरीच वाढलेली. एका रिपोर्टवर निकाल लावू नका. तीन ते सहा महिन्यांत घेतलेल्या तीन नमुन्यांपैकी दोन वाढलेले हवेत. टाइप २ मधुमेह असेल तर निदान झालं त्याच वर्षापासून दरवर्षी करा.

विदर्भात सिकलसेलच्या (तांबड्या पेशी विळ्यासारख्या होण्याच्या आनुवंशिक आजाराच्या) रुग्णांची मोठी संख्या आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो. सिकलसेलमध्ये गाळणीवर ताण येतो आणि त्याच वेळी किडनीची लघवी घट्ट करण्याची ताकद कमी होते. सकाळची लघवीही पातळच राहते, आणि पट्टी ‘निगेटिव्ह’ म्हणू शकते. अशा मुलांचं साधारण दहाव्या वर्षापासून दरवर्षी गुणोत्तरच करायला हवं.

वही आणि धोक्याच्या खुणा

नेफ्रोटिकच्या मुलासाठी एक वही ठेवा. तारीख, पट्टीचा आकडा, सकाळचं वजन, औषधाचा डोस, ताप-खोकला. सलग तीन सकाळी ३+ किंवा ४+ आलं तर आजार उलटला समजा आणि सूज येण्याची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा. सलग तीन दिवस निरंक किंवा ‘ट्रेस’ आलं तर आजार आटोक्यात. स्टिरॉइड स्वतःहून वाढवू नका आणि अचानक तर मुळीच बंद करू नका. सुजलेल्या मुलाला तापासोबत पोटात दुखलं, एकच पाय सुजून दुखला, दम लागला किंवा लघवी फारच कमी झाली तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

लघवीतून प्रथिन जाणाऱ्या मोठ्यांना डॉक्टर बहुधा रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी देतात, कारण ती गाळणीतला दाब उतरवते. सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायचं असतं. क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत वाढलं तर सहसा घाबरायचं कारण नसतं. पण उलट्या, जुलाब किंवा ऊन लागून अंगातलं पाणी गेलं असेल तर गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा. गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन स्वतःच्या मनाने घेऊ नका. गोरं करणारी क्रीम किंवा भस्मं वापरत असाल तर तेही सांगा, कारण त्यातल्या पाऱ्याने गाळणी बिघडल्याची उदाहरणं आहेत.

मीठ दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट एक चमचा, आणि त्यात सगळं आलं. भाजीत कमी टाकून सोबत लोणचं, पापड, कुरड्या आणि पोह्यांवर शेव घेतली तर हिशेब तिथेच कोलमडतो. मीठ जास्त असलं की वरची गोळीही नीट काम करत नाही. सावजी रस्सा घरी करायचा तर मीठ अर्धं टाका, तिखटाने किडनीचं काही बिघडत नाही. लघवीतून प्रथिन जातं म्हणून प्रथिनाची पावडर सुरू करू नका, गळक्या गाळणीवर त्याने ताणच वाढतो. मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे ०.८ ग्रॅम प्रथिन पुरतं, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ४८ ग्रॅम. वाढत्या मुलांचं प्रमाण वेगळं असतं, ते त्यांच्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.