मर्यादित तिकिटांची सोडत कशी काढावी

सांगलीच्या छत्रपती शिवाजी स्टेडियमवर फुटबॉल सामना असेल आणि प्रेक्षकसंख्येवर मर्यादा आली असेल, तर ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’ या पद्धतीने तिकिटे विकू नयेत. त्यामुळे खिडकीपाशी गर्दी उसळते आणि जत-आटपाडीहून येणारा प्रेक्षक आपोआप मागे पडतो. डिसेंबर २०२० मध्ये इंग्लंडमधील काही मैदानांवर केवळ २,००० प्रेक्षकांना परवानगी मिळाली, तेव्हा लिव्हरपूल क्लबनेही सोडतच काढली होती.

खेळाडूंचे कुटुंबीय आणि निमंत्रित यांच्यासाठी राखलेल्या जागांचा आकडा आधी जाहीर करावा. माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची पायरी आहे, कारण हा आकडा झाकून ठेवला, तर पुढची सोडत कितीही प्रामाणिक असली तरी तिच्यावर कोणाचा विश्वास बसत नाही. उरलेल्या तिकिटांसाठी आठवडाभर अर्ज घ्यावेत. एकत्र येणाऱ्या कुटुंबाचा एकच अर्ज धरावा आणि त्यावर जास्तीत जास्त चार तिकिटे द्यावीत. चिठ्ठ्या सर्वांसमक्ष उचलाव्यात आणि त्याच वेळी प्रतीक्षायादीही काढावी. तिकिटावर नाव छापून प्रवेशद्वारावर ओळखपत्र तपासल्यास काळ्या बाजाराला फारसा वाव राहत नाही. ज्यांना तिकीट मिळाले नाही, त्यांच्या नावाच्या दोन चिठ्ठ्या पुढील सामन्याच्या सोडतीत टाकाव्यात.